भोंगा नसलेली गिरणी
(आय. टी. कंपनीतील कार्यसंस्कृतीसंबंधी काही विचार)

– एम. ए. भाग २, समाजशास्त्र

'संस्कृती' हा शब्द आपणा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना परका नाही. इरावतीबाई कर्वे यांच्या 'मराठी लोकांची संस्कृती' या ग्रंथाच्या नावातच तो आहे आणि आपल्या प्रश्नपत्रिकेत तर तो दरवर्षी हमखास भेटतो. व्याख्या लिहून लिहून त्याची धार बोथट झाली आहे, असे म्हटले तरी वावगे होणार नाही. परंतु गेल्या काही वर्षांत हा शब्द आपल्या वर्गातून उठून एका निराळ्याच जागी जाऊन बसला आहे. ती जागा म्हणजे आय. टी. कंपनीचे नेमणूकपत्र. 'आमच्या कंपनीची संस्कृती', 'आमच्या संस्कृतीत सामावणारा उमेदवार' अशी वाक्ये तेथे सर्रास आढळतात. एखाद्या जमातीची संस्कृती कोणी कचेरीत बसून तयार करत नाही. ती पिढ्यान्‌पिढ्या साचत जाते, असे आपण शिकलो. येथे मात्र संस्कृती तयार करण्यासाठी पगारी माणसे नेमलेली असतात, त्यांचे स्वतंत्र खाते असते आणि वर्षअखेरीस तिचे मोजमापही होते.

हा प्रकार केवळ आपल्याकडचा नव्हे. गिडीऑन कुंडा या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेतील एका मोठ्या तंत्रज्ञान कंपनीत राहून अभ्यास केला आणि १९९२ साली त्यावर ग्रंथ लिहिला. व्यवस्थापन संस्कृतीचा वापर नियंत्रणाचे साधन म्हणून करते, माणसाच्या हातांबरोबर त्याच्या मनावरही तिला हक्क हवा असतो, हा त्या ग्रंथाचा गाभा आहे. आपल्याकडे बंगलोरच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेत कॅरल उपाध्य आणि ए. आर. वासवी यांनी आय. टी. कर्मचाऱ्यांचा असाच बारकाईने अभ्यास केला आहे. या लेखात मी तेवढे मोठे काही करू धजत नाही. माझा प्रश्न साधा आहे. कामाच्या जागेची संस्कृती चांगली होते ती मालकाने दिलेल्या गोष्टींमुळे, की कर्मचाऱ्याला काही नाकारता येते म्हणून?

हा प्रश्न मला का पडावा, तेही सांगितले पाहिजे. आम्ही धंतोलीत राहतो. एकेकाळी वकील, प्राध्यापक आणि डॉक्टर यांची वस्ती म्हणून ओळखला जाणारा हा भाग आज इस्पितळांनी भरून गेला आहे. पण जी जुनी घरे अजून उभी आहेत त्यांच्या वरच्या मजल्यांवर एक नवीनच वर्ग राहावयास आला आहे. मिहानमधील किंवा परसोडीच्या आय. टी. पार्कमधील कंपन्यांत काम करणारी ही मुले-मुली. काँग्रेसनगरचे मेट्रो स्थानक जवळ, तेथून खापरी गाठले की मिहान आलेच, म्हणून त्यांना ही जागा सोयीची. आमच्या वरच्या मजल्यावर माझा आतेभाऊ व त्याचे दोन सहकारी राहतात. समोरच्या घरात वर्धा-यवतमाळकडच्या तिघी मुली आहेत. शिवाय, वाचकहो, 'आपण कलाशाखेचे, आपला या कंपन्यांशी काय संबंध?' असे कोणी म्हणू नये. ग्राहकांच्या तक्रारी ऐकणे, मजकूर तपासणे, बिले व कागदपत्रे पाहणे या कामांसाठी बी. ए. झालेली मुलेही तेथे घेतली जातात. आपल्यातील अनेकजण उद्या त्याच दारातून आत जाणार आहेत.

उत्तर शोधताना मला मिहानपेक्षा आधी धंतोलीहून हाकेच्या अंतरावर असलेल्या एका जागेकडे जावे लागले. गांधीसागर तलावाजवळची, एम्प्रेस मिलची ती जागा. तेथे आता बाजारसंकुल उभे आहे. पण १ जानेवारी १८७७ रोजी, म्हणजे व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली त्याच दिवशी, जमशेटजी टाटांनी येथे आपली गिरणी सुरू केली होती. तिला आपण आज 'तंत्रज्ञान कंपनी' म्हणणार नाही, परंतु तिच्या काळात ती तशीच होती. कापूस जवळ, कोळसा जवळ, रेल्वे १८६७ मध्येच नागपूरला आलेली. मुंबई सोडून येथे येण्यामागे हा हिशेब होता. दलदलीची जमीन भरून काढताना पाहून येथल्या एका सावकाराने, हा माणूस सोने मातीत घालतो आहे, असा शेरा मारल्याची व पुढे तो परत घेतल्याची कथा प्रसिद्धच आहे. लँकेशायरचे गिरणीवाले जुन्या पद्धतीला चिकटून होते तेव्हा एम्प्रेस मिलने रिंग स्पिंडल हे नवे यंत्र मोठ्या प्रमाणावर वापरात आणले. गिरणीचे व्यवस्थापक बेझनजी मेहता हे मूळचे रेल्वेतले, त्यांना कापडधंद्याचा अनुभव नव्हता. उत्तर नागपुरातील बेझनबाग हे नाव त्यांचीच आठवण ठेवून आहे.

या गिरणीच्या कामगार-कल्याणाचे कौतुक सर्व पुस्तकांत आढळते आणि ते खोटे नाही. हवा खेळती राहावी, दमटपणा योग्य राहावा म्हणून यंत्रे बसविली गेली, आग विझविण्यासाठी छताला पाण्याचे फवारे लावले गेले. १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी सुरू झाला. १८९५ पासून अपघाताची भरपाई मिळू लागली. सरकारचा कामगार नुकसानभरपाईचा कायदा आला तो १९२३ मध्ये, म्हणजे गिरणीनंतर २८ वर्षांनी! भविष्यनिर्वाह निधीचा कायदा तर १९५२ चा. खेळांचे सामने, कुटुंबासह मेळावे, बक्षिसे म्हणून घड्याळे, साखळ्या व कापडाचे तागे हेही होते. आजच्या कंपन्यांचा 'फॅमिली डे' आणि वर्षअखेरची बक्षिसे पाहिली की माणसाला वाटते, दीडशे वर्षांत नवीन काय झाले?

पण ही बक्षिसे का सुरू झाली, याकडे आपण सहसा लक्ष देत नाही. गिरणी सुरू झाली तेव्हा कामगारांचे खाडे ही मोठी डोकेदुखी होती. कोणत्याही दिवशी पाचांतला एक कामगार गैरहजर, असे प्रमाण सांगितले जाते. शेतातून आलेला माणूस, चार पैसे गाठीशी आले की घरी जाई, पेरणी आली की जाई, लग्न आले की जाई. त्याला यंत्राच्या वेळेत बांधणे सोपे नव्हते. दुसऱ्या गिरण्यांत यावर दंड करीत. जमशेटजींनी दंडाऐवजी लोभ लावला. हे त्यांचे शहाणपण आणि माणुसकीही म्हणा, परंतु त्या शहाणपणाला कारण झाला तो कामगारांचा खाडा. कामगार न बोलता, न लिहिता, केवळ न येऊन काहीतरी सांगत होता आणि त्याचे ते सांगणे गिरणीला ऐकावे लागले. माझ्या दृष्टीने या सर्व इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे.

दुसरी गोष्ट याहून ठळक. हिंदुस्थानातील गिरणी कामगारांचा पहिला नोंदलेला संप म्हणून ज्याचा उल्लेख होतो तो १८७७ सालचा, आणि तो याच एम्प्रेस मिलमध्ये, मजुरीच्या दरावरून झाला. म्हणजे ज्या गिरणीला आदर्श म्हणतात तिच्यात पहिल्याच वर्षी संप! याचा अर्थ गिरणी वाईट होती असा काढू नये. मला त्याचा अर्थ इतकाच दिसतो, की चांगला मालक असला म्हणून कामगाराला बोलण्याची गरज उरत नाही असे नव्हे, आणि कामगार बोलला म्हणून मालक वाईट ठरत नाही. पुढे याच शहरात रा. स. रुईकरांसारखे पुढारी झाले, १९२९ मध्ये अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे अधिवेशन पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली येथेच भरले. गिरणी १९८६ मध्ये राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली.

गिरणीचा भोंगा धंतोलीत ऐकू येई, असे आमच्या घरची वडीलधारी मंडळी सांगतात. आजी म्हणे, घड्याळाला किल्ली द्यायची राहिली तरी भोंगा होताच. या भोंग्यावर आपल्या साहित्यात पुष्कळ अश्रू ढाळले गेले आहेत. माणसाला पहाटे उपटून काढणारा, त्याला यंत्राचा गुलाम करणारा वगैरे. ते खरेच आहे. पण शहरातील एका गिरणीत तीस वर्षे रिंग खात्यात काम केलेल्या एका वृद्ध काकांशी मी बोलले तेव्हा त्यांनी भोंग्याची दुसरी बाजू दाखविली. ते म्हणाले, "भोंगा बोलावतही होता अन्‌ सोडतही होता, बाई. पाळी सुटली की मुकादमाच्या बापाचीही हिंमत नव्हती थांब म्हणायची."

सुटण्याचा हा भोंगा कोणी फुकट दिलेला नव्हता. १९११ च्या कायद्याने कापड गिरणीतील प्रौढ पुरुषांच्या कामावर दिवसाला १२ तासांची मर्यादा प्रथम आली. १९२२ मध्ये ती ११ तास आणि आठवड्याला ६० तास झाली, १९३४ मध्ये १० व ५४. डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळीत असताना आलेल्या दुरुस्तीने १९४६ मध्ये ती आठवड्याला ४८ तासांवर उतरली. रविवारची सुट्टीदेखील अशीच. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र आणून मागणी लावून धरली, तेव्हा कोठे १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. एकेका तासासाठी पिढ्या खर्ची पडल्या.

अर्थात कामगारांनी घडविलेली संस्कृती निर्मळ होती असे मानणे हा भाबडेपणा होईल. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात, जेथे मजुरी अधिक होती तेथे, अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कारण काय, तर कांडीचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि सवर्ण कामगारांना तो विटाळ वाटे! हा निर्बंध मालकांपेक्षा सहकाऱ्यांनीच जपलेला होता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे स्पष्टपणे मांडला. आज आय. टी. कंपनीच्या दाराशी कोणी जात विचारत नाही. परंतु उपाध्य-वासवी यांच्यासारख्या अभ्यासकांना आत दिसले ते शहरी, मध्यमवर्गीय, बहुतांशी वरच्या जातींतल्या मुलांचे प्राबल्य. 'सॉफ्ट स्किल' या गोड नावाखाली जे तपासले जाते त्यात इंग्रजीचा उच्चार किती आणि घरचे वळण किती, याचाही कोणीतरी अभ्यास केला पाहिजे.

आता वरच्या मजल्याकडे वळू. कंपनीचे नाव मी येथे देत नाही, आणि आतेभावाची अटही तीच आहे.

त्याच्या कंपनीत पुष्कळ गोष्टी चांगल्या आहेत. इमारत थंडगार, स्वच्छ. उपाहारगृह उत्तम. नागपूरच्या मे महिन्यात तेवढ्यासाठीसुद्धा ऑफिसला जावेसे वाटते, असे तो म्हणतो. खेड्यातून आलेल्या, घरातल्या पहिल्याच शिकलेल्या मुलाला तेथे पंखा मिळतो, पगार मिळतो, मान मिळतो. त्याच्या घरी पक्के छत येते. हे न सांगता टीका करणे अप्रामाणिकपणाचे होईल. समोरच्या मुलींपैकी एकीने तर मला बजावलेच, की तिच्या गावी तिच्या वयाच्या मुलींची दोन-दोन मुले शाळेत जातात, तेव्हा कंपनीला नावे ठेवताना जरा जपून.

परंतु त्यांचा दिवस पाहा. सकाळी अकराला पहिली बैठक, तिला 'स्टँड-अप' म्हणतात. प्रत्येकाने काल काय केले, आज काय करणार हे सांगायचे. मग काम. संध्याकाळी साडेसातनंतर अमेरिकेतील ग्राहकाचा दिवस उजाडतो आणि याचा दुसरा दिवस सुरू होतो. साडेदहा-अकरापर्यंत बोलणी चालतात. मधल्या दोन तासांत तो मोकळा असतो, पण तो मोकळेपणा कसला? फोन खिशात, कान फोनकडे. घरून काम करण्याच्या दिवशी संगणकावर त्याच्या नावापुढे एक हिरवा ठिपका असतो. काही मिनिटे हात हलला नाही की ठिपका पिवळा होतो. जेवता जेवता माऊस हलविणारा माणूस मी आमच्याच घरी पाहिला आहे. आपल्या नागपूरकडच्या बोलीत 'जेवून राहिलो', 'काम करून राहिलो' असे म्हणतात आणि पुण्याची मंडळी त्याला हसतात. दादाकडे पाहून मला वाटते, की या माणसासाठी दुसरे क्रियापद मराठीत नाहीच. तो जेवत असतो तेव्हाही काम करून राहिलेला असतो.

टाइमशीट नावाचा एक तक्ता तो रोज भरतो. त्यात तास ठरलेलेच लिहायचे. प्रत्यक्षात बारा तास झाले तरी बारा लिहायचे नाहीत, कारण मग प्रकल्पाचे अंदाजपत्रक कोलमडते व टीम-लीडला उत्तर द्यावे लागते. असे करा, हे कोणी लेखी सांगितलेले नाही. सर्वांना ते ठाऊक असते, एवढेच. अलिखित नियम म्हणजेच संस्कृती अशी व्याख्या घेतली तर कंपनीची खरी संस्कृती या तक्त्यात आहे, भिंतीवरच्या फलकात नाही. भोंगा कोणाच्या मर्जीने वाजत नव्हता आणि सर्व शहराला ऐकू येत होता. टाइमशीट कोणालाच ऐकू येत नाही.

आणखी एक गोष्ट मला विशेष वाटली. तेथे कोणालाही 'सर' किंवा 'साहेब' म्हणत नाहीत, पार वरच्या अधिकाऱ्यालासुद्धा नावाने हाक मारतात. समता आली, असे प्रथमदर्शनी वाटते. पण समोरची यवतमाळची मुलगी याविषयी जे बोलली ते मी वहीत टिपून ठेवले आहे. तिचे वडील सरकारी कचेरीत कारकून होते. साहेबाने थांबायला सांगितले तर 'साहेब, उद्या सकाळी लवकर येतो' असे ते म्हणू शकत. त्या बोलण्याला एक रीत होती. हिला मात्र तिचा वरिष्ठ रात्री नऊ वाजता लिहितो, की 'आपण एक कुटुंब आहोत, एवढे आजचे निभावून ने'. आता कुटुंबाला नाही कसे म्हणायचे? सणाला सर्वजणी नऊवारी नेसून गेल्या, बक्षीस मिळाले, छायाचित्रे निघाली, आणि त्याच रात्री काम ग्राहकाकडे सोपवायचे म्हणून दोन वाजेपर्यंत बसल्या. बक्षिसाचा आनंद खोटा नव्हता, असे ती आवर्जून सांगते.

रात्रीच्या कामाचा प्रश्न मुलींच्या बाबतीत अधिक गंभीर आहे. २००७ साली पुण्यात एका बी. पी. ओ. कंपनीत रात्रपाळीला निघालेल्या तरुणीचा, तिला नेणाऱ्या गाडीच्या चालकाने व त्याच्या साथीदाराने अत्याचार करून खून केला. त्यानंतर सुरक्षिततेचे नियम कडक झाले. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात स्त्रीला काम द्यायचे तर तिची संमती आणि संरक्षणाची, ने-आण करण्याची व्यवस्था हवी. 'संमती' या शब्दापाशी मात्र मी थबकते. नाही म्हटल्यास वर्षअखेरच्या गुणांकनात काय होईल हे ज्या मुलीला माहीत नाही, तिच्या होकाराला काय म्हणावे?

येथे मला अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाच्या १९७० च्या प्रसिद्ध ग्रंथाचा आधार घ्यावासा वाटतो. एखाद्या संस्थेत काही बिघडले तर माणसापुढे दोन वाटा असतात, असे तो सांगतो. सोडून जाणे, किंवा आवाज उठविणे. संस्थेविषयीची निष्ठा या दोहोंवर परिणाम करते. गिरणी कामगाराने दोन्ही वाटा वापरल्या. खाडा हे अर्धे सोडून जाणे होते आणि संप हा आवाज. आय. टी. कर्मचाऱ्याने मात्र आवाजाची वाट जवळजवळ वापरलीच नाही. संघटना हा शब्द निघाला की आपल्या आईवडिलांच्या पिढीला १९८२ चा मुंबईचा गिरणी संप आठवतो, आणि मुलांना वाटते आपण 'कामगार' नव्हेच. पुण्यात 'नाइट्स' या नावाने आय. टी. कर्मचाऱ्यांची संघटना काम करते, सरकारकडे तक्रारी नेते. पण वरच्या मजल्यावरच्या तिघांपैकी एकानेही तिचे नाव ऐकलेले नव्हते.

त्याऐवजी त्यांनी वापरली ती सोडून जाण्याची वाट. 'स्विच मारणे' असे ते म्हणतात. करोनाच्या साथीनंतर कामाची मागणी वाढली तेव्हा ही वाट राजमार्ग झाली. २०२२ च्या मध्यास इन्फोसिसमध्ये नोकरी सोडणाऱ्यांचे वार्षिक प्रमाण २८ टक्क्यांच्या वर गेले होते. मग काय झाले? पगार वाढले, थांबण्यासाठी बोनस मिळाले, कंपन्या 'कर्मचाऱ्यांचे मनःस्वास्थ्य' हा शब्द वापरू लागल्या. एम्प्रेस मिलमध्ये पाचांतला एक गैरहजर राहत होता तेव्हा घड्याळे व कापडाचे तागे वाटले गेले, त्याचीच ही आवृत्ती नव्हे काय?

आणि ही वाट अरुंद झाली तेव्हा काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. मागणी मंदावली, जोडीला यंत्रबुद्धीचे सावट आले. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे मत मांडले. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचे ९० तासांचे उद्गार बाहेर आले, आणि त्यांनी रविवारचाही उल्लेख केला. लोखंड्यांचा रविवार! त्याला १३५ वर्षे होत आली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये इन्फोसिसने म्हैसूर येथे तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना परीक्षेत नापास झाले म्हणून काढले. त्याच वर्षी जूनमध्ये टाटा कन्सल्टन्सीने नियम केला, की कर्मचाऱ्याने वर्षात किमान २२५ दिवस ग्राहकाच्या कामावर असले पाहिजे आणि 'बेंच'वर, म्हणजे दोन प्रकल्पांच्या मध्ये रिकामे, ३५ दिवसांपेक्षा अधिक राहू नये. जुलैमध्ये याच कंपनीने सुमारे १२,२०० जणांना, म्हणजे एकूण कर्मचाऱ्यांच्या दोन टक्क्यांना, कमी करणार असल्याचे जाहीर केले. टाटांच्याच नावाची गिरणी आणि टाटांच्याच नावाची कंपनी, असा योगायोग मी मुद्दाम जुळविलेला नाही. जाहीर कारणे काहीही असोत, २०२२ मध्ये जे बोलण्याचे धाडस झाले नसते ते २०२५ मध्ये बोलता आले, याचे कारण मुलांचा दरवाजा बंद झाला होता, असे माझे मत आहे.

दरवाजाला एक कडीही आहे. राजीनाम्यानंतर ९० दिवस थांबण्याची अट अनेक कंपन्यांच्या करारात असते. नव्या कंपनीला माणूस महिनाभरात हवा असतो. म्हणून आपल्या महाविद्यालयात मुलाखतीसाठी कंपन्या येतात तेव्हा उपाहारगृह आणि व्यायामशाळेची चित्रे पाहण्याआधी या अटीचा आकडा विचारावा. संस्कृतीविषयी तो आकडा अधिक सांगून जातो.

कायद्याकडे पाहिले तर चित्र धूसर आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेत व्यवस्थापकीय कामे करणारा 'कामगार' नव्हे, आणि महिना १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेऊन देखरेख करणाराही नव्हे. आय. टी. कंपनीत तीन वर्षांत मुलगा 'लीड' होतो, त्याच्या हाताखाली दोन मुले दिली जातात. तो देखरेख करतो की स्वतःच संगणकावर राबतो, हे पदाच्या नावावरून नव्हे तर प्रत्यक्ष कामावरून ठरावे, असे न्यायालये सांगत आली आहेत. पण ते ठरविण्यासाठी न्यायालयात जाईल कोण? आपल्या राज्यापुरते बोलायचे तर २०१७ च्या कायद्यात दिवसाला ९ तासांची मर्यादा होती. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती १० तासांवर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, हे खरे. तरीही दहा हा आकडा पाहून मला १९३४ चा कायदा आठवला.

काम संपल्यावर फोन न उचलण्याचा हक्क असावा, असे एक विधेयक खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडले आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडले. फ्रान्समध्ये असा कायदा २०१७ पासून आहे. मी दादाला हे सांगितले तेव्हा त्याला प्रथम ते थट्टेचे वाटले, मग त्याने विचारले, "मग अमेरिकेशी बोलणार कोण?" हा प्रश्न चुकीचा नाही. दोन देशांच्या घड्याळांत साडेनऊ तासांहून अधिक अंतर आहे आणि त्या अंतरावरच हा सारा धंदा उभा आहे. परंतु गिरणीलाही रात्र होती, आणि तिने त्यासाठी वेगळी पाळी लावली, पाळीला वेगळी माणसे ठेवली. दिवसाच्या माणसालाच रात्री वापरले नाही. या उत्तरावर तो काही बोलला नाही. त्याचा फोन वाजला होता.

हे विधेयक मंजूर होईल अशी आशा फारशी कोणी धरत नाही. खासगी सदस्याने मांडलेले विधेयक संसदेत मंजूर होऊन कायदा झाला, असे स्वतंत्र भारतात चौदा वेळा घडले आहे, आणि त्यातले शेवटचे १९७० सालचे आहे.